काजूची बाग आणि चार वारुळे

दर दिवाळीला आमच्या गिरगावच्या चाळीतल्या खोलीत वेंगुर्ल्याहून काजूगरांचा डबा येतो. तीन वर्षांपूर्वी डब्याबरोबर चुलतभावाचा निरोपही आला : "डोंगरउतार साफ करून काजूची कलमे लावतो आहे. तुमची संमती हवी." जमीन सामाईक, वाडवडिलांची. मी कोकणकन्या गाठली.

भावाचा हिशेब चोख होता. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. पुढे १९५७ साली निघालेल्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने त्याच्या उत्तम जाती दिल्या. त्यांतल्या 'वेंगुर्ला-७'ची एकेक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते. सात-सात मीटरांवर लावली, की हेक्टरी दोनशे कलमे बसतात.

"आणि ती चार वारुळे?" मी विचारले.

"ती काढूकच व्हयी. वाळवी कलमा खाता."

तोच चुलीपाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "मगे श्रावणात अळमी खंयसून हाडतलास?"

आम्ही दोघेही गप्प झालो. श्रावणात मासे-मटण बंद असताना याच अळंब्यांच्या सागोतीवर आम्ही वाढलो होतो!

वाचकहो, या अळंबीची गंमत अशी, की तिची शेती माणूस करीत नाही, वाळवी करते. पालापाचोळा, वाळके लाकूड आत नेऊन ती त्यावर बुरशी जोपासते आणि तीच खाते. पावसाळ्यात त्या बुरशीची छत्री जमिनीवर येते, ती आपली अळंबी. धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर घरीही पिकते. पण वारुळाची अळंबी विकण्याजोगी पिकवणे माणसाला अजून साधलेले नाही. वारूळ मुळापासून उखडले, की तिथली अळंबी संपली.

भावाची भीतीही खोटी नव्हती. कोवळ्या कलमांना वाळवी लागते. शेवटी तोड निघाली. वारुळांभोवतीची जागा जुन्या झाडांसकट सोडायची आणि तिथे यंत्र न्यायचे नाही. वीसेक कलमे कमी बसली. भाऊ थोडा कुरकुरला, पण कबूल झाला. उरलेल्या पेंढ्यावर वहिनींनी पडवीत धिंगरी लावली आणि वापरलेला पेंढा कलमांच्या आळ्यांत गेला.

काकूंनी मुलांना दोन नियम घालून दिले आहेत : सगळी अळंबी खुडायची नाही, काही रुजायला ठेवायची, आणि ओळखीची नसेल तिला हातही लावायचा नाही. विषारी छत्री दिसायला कधीकधी अगदी तशीच असते.

यंदा श्रावणात चारांपैकी दोन वारुळांपाशी अळंबी उगवली. भावाने हौसेने मुंबईला पाठवली. गिरगावात पोचेतो तिचा चिखल झाला होता. काजू डब्यात बसून आमच्या घरी येतो. अळंबीसाठी मात्र आपणच गावी जायला हवे. पुढच्या श्रावणाची तिकिटे मी काढणार आहे.