साल, अळंबी आणि मद्यार्क

वनस्पतीचा किंवा अळंबीचा औषधी अंश मद्यार्कात उतरवून केलेल्या द्रावणाला टिंक्चर म्हणतात; साल किंवा अळंबी बारीक करून काही आठवडे भिजत ठेवायची आणि गाळून घ्यायची, एवढीच ही कृती वरकरणी दिसते, परंतु कोणता अंश कशात उतरतो हा प्रश्न तिच्या मुळाशी असतो. गॅनोडर्मा या लाकडासारख्या टणक अळंबीतील कडू ट्रायटर्पिन द्रव्ये मद्यार्कात विरघळतात, तर बीटा-ग्लुकान या लांब साखळीच्या शर्करांना उकळते पाणी लागते, आणि मद्यार्क फार झाला तर त्याच शर्करा साका होऊन तळाशी बसतात. म्हणून जाणकार तिचे दोन अर्क वेगवेगळे काढून ते बेताने एकत्र करतात.

सालीच्या बाबतीत आयुर्वेदाने पाणी आणि मद्यार्क यांचा मेळ फार पूर्वीच घातला आहे. भैषज्यरत्नावलीतील पार्थाद्यरिष्ट, म्हणजेच दुकानात मिळणारे अर्जुनारिष्ट, करताना अर्जुनसादड्याची साल, मनुका आणि मोहाची फुले यांचा आधी काढा होतो. मग त्यात गूळ व धायटीची फुले घालून भांड्याचे तोंड बंद केले जाते आणि किण्वनाने, म्हणजे आंबण्याच्या क्रियेने, साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क त्यातच तयार होऊन औषध टिकते.

अर्जुनसादडा नदी-ओढ्यांच्या काठी वाढतो, त्यामुळे जालना जिल्ह्यातील पूर्णेच्या खोऱ्यात, केदारखेड्यासारख्या गावी, सालीच्या औषधांचा विचार याच झाडापासून सुरू करणे सयुक्तिक ठरते. घरगुती कृती म्हणून अरिष्टापेक्षा क्षीरपाक अधिक सुकर आहे: सालीच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि केवळ दूध उरेपर्यंत मंद आच. साल मात्र उभ्या अरुंद पट्टीत काढावी, कारण खोडाभोवती पूर्ण कडे सोलले की पानांतील अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड वाळते. हृदयविकारावर किंवा रक्त पातळ होण्यासाठी गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून अशी औषधे घेऊ नयेत.

अळंबीच्या बाबतीत इतकी मोकळीक देता येत नाही. महाराष्ट्राच्या लोकवैद्यकातील कवकांविषयी जे. जी. वैद्य व ए. एस. रब्बा यांनी १९९३ मध्ये लिहिले. या परंपरेतील फणसोंबा, म्हणजे फणसाच्या खोडावर येणारी टणक अळंबी, पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात; मात्र फणस हा पूर्णेच्या खोऱ्यापेक्षा कोकणात अधिक दिसणारा वृक्ष. म्हणून तिच्याऐवजी दुसरे काही वापरू नये: पावसाळ्यात उगवणारी अनोळखी भूछत्रे मद्यार्कात भिजवल्याने निर्विष होत नाहीत. मद्यार्काऐवजी रंगकामाचे स्पिरिट तर मुळीच वापरू नये, कारण त्यात मिथेनॉल असू शकते आणि त्याने दृष्टी, प्रसंगी प्राणही, जातो.