परसबागेचे अनुदान कशावर खर्चावे?
घाटकोपर-अंधेरीच्या शाळांकडे जमीनच कुठे आहे, हा पहिला आक्षेप. केंद्राच्या २०१९च्या शालेय परसबाग सूचनांनी त्याचे उत्तर दिले आहे: शहरात गच्ची, कुंड्या, डबे चालतील. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्याचे खत करून भाजी-फळे पिकवली, तीही त्याआधीच. एवढ्याशा मेथीने कुणाचे पोट भरणार, असेही विचारतात. भरणार नाही, पण बी, माती, कीड यांचा धडा मुले स्वतःच्या हातांनी शिकतात, आणि शाळेत मोल त्याचेच.

खरी अडचण पैशाच्या रचनेत आहे. समग्र शिक्षा योजनेत युवा व इको क्लबसाठी सरकारी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिक शाळेला १५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यात माती, पिंप, रोपे येतात. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालणाऱ्याची मजुरी निघणे कठीण, आणि बाग वाळते ती नेमकी तेव्हाच. कंपन्यांच्या सीएसआर निधीतला प्रकल्प मात्र सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे चालवता येतो. मुलुंड-बोरिवलीच्या पालक-शिक्षक संघांनी अर्जात कुंड्यांच्या आधी माळ्याचे मानधन मागावे.