सिन्या व्हितोरियाचा हिशोब

गेल्या महिन्यात आपल्या गटातल्या एका ताईची मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘कादंबरीतील संघर्ष’ या विषयावर तिला लिहायचं होतं. पुस्तक मूळ पोर्तुगीज भाषेतलं, पण तिच्या हातात इंग्रजी अनुवाद होता. ती कंटाळून म्हणाली, “ताई, यात लढाई नाही, मालकाला कुणी धडाही शिकवत नाही. माणूस हिशोबाला जातो आणि मान खाली घालून परत येतो. यात संघर्ष कुठं आहे?”

तिच्याबरोबर मीही ते पुस्तक वाचलं. अडलं तिथे शब्दकोश घेतला. त्याबद्दलच आज बोलणार आहे.

पोर्तुगीज म्हटलं की फार लांबचं वाटतं. पण आपल्याच रायगडात, मुरुड तालुक्यातल्या कोर्लई गावात, पोर्तुगीजमधून तयार झालेली एक बोली आजही घरात बोलली जाते. आपण रोज म्हणतो ते पाव, साबण, चावी हे शब्द तिकडचेच. पगारसुद्धा! आणि गोव्यात तर त्या भाषेत कथा-कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. ओर्लांदो द कोश्ता यांची बालपणाची वर्षं मडगावात गेली. त्यांची ‘ओ सिग्नो द ईरा’ ही कादंबरी १९६१ साली आली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. नावाचा अर्थ ‘क्रोधाची खूण’. त्यांचा मुलगा आंतोनियो कोश्ता पुढे पोर्तुगालचा पंतप्रधान झाला, पण कादंबरी मात्र भातशेतीत राबणाऱ्या गोव्यातल्या ख्रिस्ती कुणब्यांची आहे. जमीन भाटकाराची. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, तांदळाच्या टंचाईचा. ज्यांनी भात पिकवलं त्यांच्याच घरात तांदूळ नाही.

हे वाचताना मला आपला तालुका आठवला. त्याच युद्धाच्या काळात माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी कर्जत तालुक्यातल्या गरीब शेतकऱ्यांसाठी धान्य कोठ्या काढल्या होत्या. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराचं दार धरायचं आणि सुगीला त्याचं माप भरायचं, हे आपल्या आज्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. ते सगळ्यांना माहीत असतं. धान्य कोठ्यांचं मात्र भाषणात फारसं कुणी सांगत नाही.

आता त्या मुलीच्या पुस्तकाकडे येते. ते ब्राझीलमधलं आहे. तिथेही पोर्तुगीजच बोलतात. लेखक ग्रासिलियानो रामोस, पुस्तक ‘विदास सेकास’, म्हणजे ‘कोरडी आयुष्यं’, साल १९३८. लेखक काही वर्षं एका गावाचे नगराध्यक्ष होते, त्यामुळे हिशोबाच्या वह्या त्यांना चांगल्या ठाऊक असणार.

गोष्ट दुष्काळी मुलखातली. फाबियानो गुराखी, त्याची बायको सिन्या व्हितोरिया, दोन मुलं आणि एक कुत्री. मालकाची गुरं सांभाळायची. जन्मलेल्या वासरांत चौथा हिस्सा आणि करडांत तिसरा हिस्सा त्याचा, असा ठराव. ऐकायला बरा वाटतो. पण फाबियानोकडे स्वतःची शेती नाही, वर्षभर खायचं काय? मग उचल घ्यायची आणि वाट्याची जनावरं मालकालाच, मालक म्हणेल त्या भावात विकायची. त्यामुळे एकाही वासरावर त्याची खूण कधी लागत नाही.

फाबियानोला आकडे कळत नाहीत. व्हितोरिया जमिनीवर बसते, वेगवेगळ्या बिया मांडते, त्यांचे ढीग करते आणि बेरीज-वजाबाकी काढते. तो हिशोब डोक्यात धरून नवरा मालकाकडे जातो. मालकाचा आकडा वेगळाच निघतो. हा फरक कसला? तर व्याजाचा, नेहमीचंच उत्तर. या वेळी फाबियानो म्हणतो, चूक असणार, माझ्या बायकोला डोकं आहे. मालक चिडतो, दुसरीकडे काम बघ म्हणतो. तिथेच याचे पाय लटपटतात. तो माफी मागतो आणि मनाची समजूत घालतो की बायकोच्याच अडाणीपणाने चुकलं असेल.

ही जागा मी बैठकीत सांगितली तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. “म्हणजे शेवटी खापर तिच्यावरच!” ती मुलगी वही उघडून लिहायलाच बसली. तिने लिहिलेलं मला आवडलं: भांडण मालक आणि गुराख्याचं, पण हरवली गेली ती त्या खोलीत नसलेली बाई, आणि तिचा हिशोब तर बरोबर होता. तिच्या प्राध्यापकांना ते पटेल की नाही ते त्यांचं ते जाणोत.

मग मी बिया मागवल्या. चिंचोके आले. आपल्यातल्या एकीने बाहेरून कर्ज घेतलंय, तिच्या कार्डावर ‘शेकडा दोन’ लिहिलंय. आपल्या गटाचं अंतर्गत कर्जही शेकडा दोननेच. मग दोन्ही सारखीच ना? दहा हजार रुपये, बारा महिने धरून मांडलं. गटात मुद्दल फिटेल तसं उरलेल्या रकमेवरच व्याज लागतं. बारा सारखे हप्ते मुद्दलाचे, तर वर्षाचं व्याज होतं १,३०० रुपये. तिच्या कार्डावर मात्र शेवटच्या महिन्यातसुद्धा पूर्ण दहा हजारांवर व्याज धरलेलं. ते झालं २,४००. दर एकच, फरक १,१०० रुपयांचा. ती बराच वेळ चिंचोक्यांकडे बघत होती. म्हणाली, सही करताना मी विचारलं होतं, तर साहेब म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं.

एक गोष्ट राहिली. व्हितोरियाला पलंग हवा असतो. ते काठ्यांच्या बाजेवर झोपतात, मधोमध एका लाकडाला गाठ असते, ती टोचते. तिला चामड्याचा पलंग हवा, तोमास नावाच्या माणसाकडे होता तसा. त्यासाठी पैसे कुठून वाचवायचे यावरून नवरा-बायकोचं वाजतं. ती त्याची दारू आणि जुगार काढते, तो तिचे चकचकीत बूट काढतो. (आमच्याकडे बुटांच्या जागी साडी, एवढाच फरक, असं एक जण म्हणालीच.)

बैठक संपताना मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, “मग मिळाला का गं तिला पलंग?”

नाही मिळाला. दुष्काळ परत आला आणि ते बिऱ्हाड रातोरात उठून चालायला लागलं.

पुढच्या बैठकीला ज्यांची ज्यांची बाहेरची कर्जं आहेत त्यांनी आपापली कार्डं घेऊन या. चिंचोके माझ्याकडे आहेत.