‘हरकत’, ‘सूचना’ आणि मौन : गावाच्या कडेला योजिलेल्या वसाहतीविषयी रहिवाशांची विचारणा

गावाच्या कडेला नवी वसाहत उभारावयाची झाल्यास तेथील रहिवाशांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. या विचारणेचा अभ्यास नियोजनशास्त्र, विधिशास्त्र व समाजशास्त्र या तिन्ही अंगांनी होत असतो. परंतु विचारणा ही मुळात एक भाषिक घटना होय. कोणी तरी प्रश्न विचारतो, कोणी तरी उत्तर देतो, आणि त्या उत्तराचा अर्थ तिसराच कोणी लावतो. या तीन टप्प्यांत शब्दांचे काय होते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे गाव दृष्टीसमोर ठेवले आहे. मैंदर्गीतील एखाद्या विशिष्ट योजनेचे हे परीक्षण नव्हे. अशा गावी विचारणा झाल्यास ती कोणत्या भाषिक परिस्थितीत होईल, एवढाच येथे प्रश्न आहे.

१. कायद्याची चौकट

प्रथम मैंदर्गीचे प्रशासकीय स्थान लक्षात घेतले पाहिजे. अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, मैंदर्गी व दुधनी अशा तीन नगरपरिषदा आहेत. म्हणजे राहणीने व शेतीशी असलेल्या नात्याने मैंदर्गी हे गाव असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते नगर आहे. या भेदाचे परिणाम दूरगामी आहेत. ग्रामपंचायत असलेल्या गावात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये ग्रामसभा भरते. प्रौढ मतदारांना समोरासमोर बोलण्याची ती जागा होय. नगरपरिषदेच्या क्षेत्रात ग्रामसभा नसते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, त्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरांपुरत्याच. यामुळे छोटे नगर दोहोंच्या मध्ये सापडते. ग्रामसभा त्याला उरली नाही, आणि प्रभाग समितीचे बंधन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

अशा ठिकाणी विचारणेचा मुख्य आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा होय. या अधिनियमाच्या कलम २६ अन्वये प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करून तीस दिवसांच्या आत हरकती व सूचना मागविल्या जातात, आणि कलम २८ अन्वये नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. त्यानंतरच्या पातळीवर विचारणेची संधी हळूहळू आकुंचित होत जाते. २०१७ साली जमीन महसूल अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील, योजनेत विकासयोग्य ठरविलेल्या जमिनीस अकृषिक वापरासाठी स्वतंत्र परवानगीची गरज ठेविली नाही. याचा अर्थ असा की, गावाच्या कडेचे भवितव्य बहुतांशी आराखड्याच्या टप्प्यावरच ठरून जाते. तीस दिवसांची ती मुदत म्हणूनच मोलाची आहे. आणि त्या मुदतीत रहिवाशाच्या हाती जी दोन शब्दांची साधने दिलेली आहेत, त्यांचे परीक्षण अगत्याचे ठरते.

२. ‘हरकत’ या शब्दाचा प्रवास

‘हरकत’ हा शब्द मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ हालचाल, गती असा आहे. उर्दूत हा अर्थ टिकून आहे. शिवाय ‘चाळा’, ‘गैरवर्तन’ अशी छटाही त्यास आली आहे. मराठीत मात्र त्याने जवळजवळ उलटे वळण घेतले. येथे हरकत म्हणजे गती नव्हे, तर गतीस होणारा अडथळा. आणि पुढे, अडथळा म्हणून घेतलेला आक्षेप.

याहून अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मराठीत संमती दर्शविण्याचा एक अत्यंत रूढ प्रकार म्हणजे ‘हरकत नाही’ हा होय. होकार येथे नकाराच्या अभावाने व्यक्त होतो. दैनंदिन व्यवहारात यात काही वावगे नाही, कारण तेथे ‘हरकत नाही’ हे शब्द कोणी तरी प्रत्यक्ष उच्चारीत असतो. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ या शासकीय संज्ञेतही देणाऱ्याची स्वाक्षरी असते. परंतु जाहीर नोटिशीच्या बाबतीत एक सूक्ष्म फरक पडतो. मुदतीत हरकत आली नाही, या वस्तुस्थितीचे ‘हरकत नाही’ या उक्तीत रूपांतर होते. जे कोणी बोललेच नाही, ते बोलले गेले असे धरले जाते.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले की, काही उक्ती केवळ वर्णन करीत नाहीत, तर कृती घडवितात; आणि अशी कृती सिद्ध होण्यास योग्य व्यक्ती, योग्य परिस्थिती व योग्य पद्धती यांची आवश्यकता असते. हरकत घेणे ही अशीच कृती आहे. ती लेखी असावी लागते, मुदतीत द्यावी लागते, विशिष्ट अधिकाऱ्याकडे पोहोचवावी लागते. पारावर, बाजारात वा विहिरीवर व्यक्त झालेली नाराजी कितीही तीव्र असली, तरी या अर्थाने ती हरकत होत नाही. उलटपक्षी, मौनाला मात्र कोणतीही अट नाही; ते आपोआप संमती ठरते. नकारास इतक्या अटी आणि होकारास एकही नाही, ही विषमता विचारणेच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

३. ‘सूचना’ : वरून खाली की खालून वर?

दुसरा शब्द ‘सूचना’. मराठीत हा शब्द दोन विरुद्ध दिशांनी वाहतो. ‘सूचना फलक’, ‘जाहीर सूचना’, ‘सूचनांचे पालन करावे’ या प्रयोगांत सूचना वरून खाली येते व तिच्यात आज्ञेचा अंश असतो. ‘हरकती व सूचना’ या जोडशब्दात ती खालून वर जावयाची असते. एकाच कागदाच्या मथळ्यावर शासनाची ‘सूचना’ आणि मजकुरात नागरिकाची ‘सूचना’ असे दोन्ही अर्थ एकत्र येऊ शकतात. सरावलेल्या वाचकास हा भेद संदर्भाने कळतो. न सरावलेल्यास कळेलच असे नाही.

मैंदर्गीच्या परिसरात ही अडचण दुणावते. अक्कलकोट तालुका हा कर्नाटकाच्या सीमेवरील, कानडी व मराठी दोन्ही भाषा नांदविणारा प्रदेश असून दखनी उर्दूही तेथे बोलली जाते. कानडीत ‘सूचने’ हा शब्द प्रामुख्याने निर्देश, आदेश या अर्थी वापरला जातो. अभिप्राय वा सल्ला यासाठी ‘सलहे’ हा निराळा शब्द आहे. घरात कानडी बोलणाऱ्या माणसाने मराठी नोटीस वाचली, तर ‘सूचना’ हा शब्द ओळखीचा वाटेल, परंतु त्याचे वजन मात्र कानडीचे असेल. उर्दू बोलणाऱ्या घरात ‘हरकत’ या शब्दाची गतही तीच. शब्द परका असता, तर वाचकाने अर्थ विचारला असता. तो ओळखीचा असल्यामुळेच गैरसमज लक्षात येत नाही.

सीमाभागातील या भाषिक घडणीवर जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेथील कानडी, मराठी व उर्दू यांची वाक्यरचना शतकांच्या सहवासाने परस्परांच्या फार जवळ आली असून शब्दसंग्रह मात्र बराचसा पृथक राहिला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. यावरून एक व्यावहारिक बोध घेता येतो. अशा प्रदेशात भाषांतर वरवर पाहता सोपे असते. वाक्यामागून वाक्य बसविता येते. धोका असतो तो शब्दाच्या अर्थात, वाक्याच्या सांगाड्यात नव्हे.

४. जागेची दोन नावे

आराखड्याची भाषा ही गट क्रमांक, विभाग, आरक्षण, रेखांकन, रुंदी यांची भाषा आहे. गावाची भाषा वेस, शीव, पाणंद, खळे, गायरान, पांढर व काळी यांची. कानडी बोलणारा त्याच जागांना अगसी, हळ्ळ, होल म्हणेल : वेस, ओढा, शेत. हे निव्वळ पर्यायी शब्द नव्हेत. ‘पाणंद’ या शब्दात तेथून कोणाची गुरे व गाड्या जातात, पावसाळ्यात ती वाट कशी होते, तिच्यावर कोणाचा वहिवाटीचा हक्क मानला जातो, हे सारे गृहीत असते. नकाशावर तिच्या जागी एक रेघ असते, किंवा तीही नसते.

याचा परिणाम सुनावणीत दिसतो. ‘तिथून आमची बैलगाडी जाते’ हे विधान हरकत आहे, की सूचना, की माहिती? बोलणाऱ्याच्या मते ते निर्णायक कारण असते. नोंद करणाऱ्यास ते कोणत्या रकान्यात घालावे हे कळत नाही. आणि ज्यास रकाना नाही, त्याचा अहवालात उल्लेख राहणे कठीण असते.

५. किल्लारीचा धडा

वसाहत व विचारणा यांचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा अनुभव लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला, त्यात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची ठरविण्यात आली. लोकांना विचारण्यात आले नाही असे म्हणता येणार नाही. बैठका झाल्या, याद्या वाचल्या गेल्या. परंतु ढिगाऱ्याजवळ राहण्याची भीती मनात असताना स्थलांतराला दिलेला होकार हा सरळ रस्त्यांच्या, एकसारख्या ओळींच्या, जुन्या गावठाणाहून कितीतरी विस्तीर्ण अशा मांडणीलाही दिलेला होकार होता काय, हा प्रश्न उरतोच. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले जाण्याचा धोका येथे स्पष्ट दिसतो.

याच कार्यक्रमाच्या घरदुरुस्तीच्या भागात वेगळा प्रयोग झाला. गावोगावी ‘संवाद सहाय्यक’ म्हणून स्थानिक स्त्रियांची नेमणूक करण्यात आली. त्या अभियंत्याचे म्हणणे घरापर्यंत व घराचे म्हणणे अभियंत्यापर्यंत नेत. या पदनामात ‘हरकत’ही नाही, ‘सूचना’ही नाही, ‘संवाद’ आहे. ज्या घराची दुरुस्ती व्हावयाची, त्यात दिवसाचा अधिक काळ वावरणारी व्यक्तीच येथे प्रथम बोलती झाली, ही गोष्ट लक्षणीय होय.

‘रहिवासी’ या शब्दाचाही येथे विचार व्हावा. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली, आणि रे नगर या तीस हजार घरांच्या प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या हाती आली. येथे भावी रहिवासी संघटित होते व त्यांना स्वतःचा आवाज होता. एरवी नोटिशीतील ‘रहिवासी’ म्हणजे केवळ आजचा रहिवासी. उद्या तेथे राहावयास येणारा भाडेकरू वा मजूर त्या शब्दाच्या बाहेरच राहतो.

६. निष्कर्ष

अमेरिकेतील शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत विचारणेचे स्थान चौथे असून, ऐकलेल्या मताचा निर्णयावर परिणाम होईल अशी हमी त्या पायरीवर नसते, हे त्यांनी दाखविले. भाषिक दृष्टीने पाहता, मैंदर्गीसारख्या ठिकाणी ती पायरीदेखील सहजासहजी गाठली जात नाही.

त्यावर काही उपाय संभवतात. पहिला, नोटीस मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत असावी आणि ‘हरकत’ व ‘सूचना’ या शब्दांपुढे त्यांचा अभिप्रेत अर्थ एकेका साध्या वाक्यात द्यावा. दुसरा, आराखड्याच्या नकाशावर गट क्रमांकांबरोबर पाणंद, ओढा, खळे, वेस यांची लोकांच्या तोंडची नावे छापावीत. आपल्या शेताचे नाव नकाशावर दिसल्याखेरीज माणूस त्या नकाशाविषयी बोलू शकत नाही. तिसरा, तोंडी निवेदने बोलणाऱ्याच्या शब्दांत व भाषेत नोंदवावीत आणि त्यांचे वर्गीकरण मागाहून, कारणे देऊन करावे. चौथा, कोणते म्हणणे स्वीकारले व कोणते का नाकारले, हे त्याच वस्तीत, त्याच भाषेत परत सांगावे.

यांपैकी एकाही उपायास कायद्यात बदल करावा लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव की, ‘हरकत नाही’ हे वाक्य ज्याचे त्याने उच्चारावयाचे असते. दुसऱ्याच्या मौनातून ते वाचून काढावयाचे नसते.