कंदी पेढे, भडंग आणि ६२५

रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीसाठी उभं राहून बघा. निम्म्या पब्लिकच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि हातात आईने भरून दिलेली पिशवी. गाडी सांगलीहून आली असेल तर आतल्यांच्या पिशवीत भडंग, इथून चढणाऱ्यांच्या पिशवीत कंदी पेढे. आणि तळाशी, चटणीच्या डब्याच्या आड सरकवलेली एक अर्धवट वापरलेली स्ट्रिप. "असू दे जवळ. पुण्यात कुठं डॉक्टर शोधत बसशील?"

ही स्ट्रिप बऱ्याचदा '६२५'ची असते. ब्रँड कुठलाही असो, ऑगमेंटिन, क्लॅव्हम, मॉक्सिकाइंड-सीव्ही, आपल्याकडे तिचं घरगुती नाव तेच. घसा धरला, ६२५. दाढ ठणकली, ६२५. ताप आला आणि सोमवारी प्रेझेंटेशन आहे? मग तर ६२५ हवीच!

मीही त्यातलीच. दाढदुखीसाठी डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला होता. तिसऱ्या दिवशी दाढ थांबली, मी गोळ्या थांबवल्या. उरलेल्या चार बॅगेत राहिल्या. पुढच्या वीकएण्डला सांगलीला मावशीकडे गेले, तर मावसभाऊ घसा धरून बसलेला. मी मोठ्या शहाणपणाने स्ट्रिप काढली. "घे रे दादा, एकदम स्ट्राँग आहे."

अर्ध्या तासात दादाच्या मानेवर, छातीवर गांधी उठल्या. मग ओठ सुजले. मग तो म्हणाला, "श्वास घेता येत नाहीये." बस्स, आम्ही गाडी काढली. सांगलीकरांना अशा वेळी रस्ता विचारावा लागत नाही, कारण शेजारचं मिरज हे दवाखान्यांचंच गाव आहे. कॅनेडियन मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून पंचक्रोशीतलेच नाही तर पार कर्नाटकातले पेशंट मिरजेला येतात. तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये दादाच्या मांडीत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन गेलं आणि काही मिनिटांत त्याचा श्वास मोकळा झाला. माझा व्हायला मात्र रात्र गेली.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "याला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का?" मावशी पटकन म्हणाली, "हो, लहानपणी सुई टोचल्यावर असंच झालं होतं. पण आम्ही पेनिसिलिन कुठं दिलं? ही तर ६२५ होती!"

या आकड्यात दडलंय काय?

खरी मेख इथेच आहे. ६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलेनिक अॅसिड. यातलं अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. नावाच्या शेवटी 'सिलिन' दिसलं की समजायचं, बॉस, हा त्याच खानदानातला.

पेनिसिलिन आपल्याला परकं नाहीच. अलेक्झांडर फ्लेमिंगना १९२८ मध्ये ते लंडनमध्ये सापडलं असेल, पण १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली ती पिंपरीला. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज एच. ए.वरून ऑफिसला जात असाल. ही दोन अक्षरं कशाची, हा प्रश्न कधी पडला होता का?

फ्लेमिंगनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच बजावलं होतं की अपुऱ्या डोसने जंतूंना या औषधाची सवय लागेल. तसंच झालं. कित्येक जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम तयार करायला शिकले. हे एन्झाइम पेनिसिलिनचा रेणू सरळ तोडून टाकतं. मग १९७० च्या दशकात बीचम या ब्रिटिश कंपनीच्या शास्त्रज्ञांना एका जिवाणूपासून क्लॅव्ह्युलेनिक अॅसिड मिळालं. याची स्वतःची जंतू मारण्याची ताकद अगदीच जेमतेम. पण ते त्या एन्झाइमला मिठी मारतं आणि सोडतच नाही. सांगलीच्या तालमीतल्या भाषेत सांगायचं तर हा पैलवान स्वतः कुस्ती जिंकत नाही, समोरच्याचे हात धरून ठेवतो. मग अमॉक्सिसिलिन आपला डाव टाकतं. ही जोडी १९८१ मध्ये ऑगमेंटिन नावाने ब्रिटनमध्ये बाजारात आली.

आणि इथेच एक फसवा हिशेब होतो. ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५च्या दोन गोळ्या घेतल्या तर? ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० असतं, पण क्लॅव्ह्युलेनिक अॅसिड तेवढंच, १२५. म्हणजे दोन गोळ्यांत ते दुप्पट पोटात जातं. जुलाब होतात ते बरेचसे त्याच्याचमुळे. अशी अदलाबदल मेडिकलच्या काउंटरवर ठरवू नका. दुसरा घोळ ब्रँडचा. गावच्या डॉक्टरांनी एक नाव लिहिलं, पुण्याच्या डॉक्टरांनी दुसरं, आणि तुम्ही दोन्ही घेताय. आत माल एकच! स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचायची सवय लावून घ्या.

लागते तेव्हा लागतेच

गोळी वाईट नाही हो. उलट जागतिक आरोग्य संघटनेने ती 'अॅक्सेस' गटात, म्हणजे सगळ्यांना सहज मिळायला हवीत अशा अँटिबायोटिक्समध्ये ठेवली आहे. कुत्रा-मांजर चावल्यावर जखमेत संसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा हीच देतात (रेबीजची लस वेगळी, ती चुकवायची नाही). काही प्रकारचे सायनस आणि कानाचे संसर्ग, दाढेचा पू, काही न्यूमोनिया, इथं तिचं काम चोख.

पण सर्दी, फ्लू, डेंगी, चिकुनगुनिया हे सगळे व्हायरसचे उद्योग. व्हायरसला ती भिंतच नसते जिच्यावर अमॉक्सिसिलिन घाव घालतं. बहुतेक घसेदुखीही व्हायरसचीच. आणि प्रत्येक जंतूवर हीच गोळी, असंही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगली बुडाली होती, तशा पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. तो होऊ नये म्हणून डॉक्टर देतात ते डॉक्सिसायक्लिन, ६२५ नव्हे.

डॉक्टरांनी लिहूनच दिली असेल तर मग नीट घ्या. जेवणाच्या सुरुवातीला, म्हणजे पहिल्या घासांबरोबर. पोटाला त्रास कमी होतो आणि क्लॅव्ह्युलेनिक अॅसिड शरीरात चांगलं शोषलं जातं. दिवसातून दोनदा सांगितली तर दर बारा तासांनी. सकाळी नऊ, रात्री नऊ असा मोबाइलवर अलार्म लावा. नाइट शिफ्टवाल्यांनी आपलं घड्याळ धरावं, पण अंतर तेच ठेवावं. एक डोस राहिला तर आठवल्यावर घ्या, मात्र पुढच्या वेळी डबल नाही. गोळ्या स्ट्रिपमधून आधीच काढून डबीत भरू नका, कारण क्लॅव्ह्युलेनिक अॅसिडला ओल सोसत नाही आणि महाबळेश्वरचा पाऊस अनुभवलेल्याला ओल काय चीज आहे ते सांगायला नको. घरात लहान मूल असेल तर पाणी घातलेलं सिरप फ्रिजमध्येच, आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपले की फेकून द्यायचं. बहुतेकांवर ते सातच दिवस असतात.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टी म्हणजे पेनिसिलिनची जुनी रिअॅक्शन, आधी या गोळीने झालेली कावीळ, लिव्हर किंवा किडनीचा आजार, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारखी चालू औषधं. या गोळीची कावीळ कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. तेव्हा डोळे पिवळे, लघवी गडद आणि अंगाला खाज, असं झालं तर चार आठवड्यांपूर्वीच्या गोळ्यांचीही आठवण करून द्या. पाण्यासारखे जुलाब थांबेनात, किंवा त्यात रक्त दिसलं, तर मेडिकलमधून जुलाब बंद करणारी गोळी आणण्याऐवजी डॉक्टरांना फोन. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. १०८ किंवा हाताशी असेल ती गाडी.

बरं वाटल्यावर कोर्स सोडायचा का? आता कित्येक संसर्गांना पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात हे सिद्ध झालंय. पण किती दिवस पुरतील ते डॉक्टर ठरवणार, माझ्यासारख्यांची थांबलेली दाढ नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीम काढून लोकांना स्ट्रिपवरच्या लाल रेषेचा अर्थ सांगितला. ती रेषा असेल तर चिठ्ठीशिवाय औषध नाही. माझ्या स्ट्रिपवरही ती होती. सांगलीत दादाच्या हातावर गोळी ठेवताना माझा अंगठा बहुधा तिच्यावरच होता.

दादा आता ठणठणीत आहे. रिअॅक्शन एवढी मोठी होती की त्याच्या बाबतीत डॉक्टरांना शंकाच नाही. पण लहानपणीच्या ऐकीव गोष्टीवरून ज्यांना 'पेनिसिलिन चालत नाही' असा शिक्का बसलाय, त्यांच्यातल्या दहापैकी साधारण नऊ जणांना तपासणीत अॅलर्जी निघत नाही. तुमच्यावर तसा शिक्का असेल तर डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. घरी गोळी खाऊन बघायची नाही, प्लीज!

मावशीने दादाच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, एक चिठ्ठी ठेवली आहे. लाल पेनाने, मोठ्या अक्षरात, 'पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, ६२५ देऊ नये.' मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही तेच लिहिलंय, पण ते दादाने केलंय. मावशीचा मोबाइलच्या बॅटरीवर विश्वास नाही.

मागच्या रविवारी स्टँडवर मी माझी पिशवी उपसली. चटणीच्या आड स्ट्रिप होतीच, बाबांच्या कोर्समधल्या दोन गोळ्या. आईच्या हातात परत दिली. "मग आजारी पडलीस तर?" तिने विचारलं. "डॉक्टर शोधीन." पेढे मात्र ठेवून घेतले.