भाव पाहा, उलाढालही पाहा



आपल्या भीमपूर भागात कापसाचा भाव घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. शेअर बाजाराचा तक्ता दिसला की मात्र आपण पान उलटतो. पण आता कापसाचे पैसे हाती येतात त्याच सुमारास मोबाईलवर ‘अमुक शेअर घ्या, रोज वाढतो आहे’ असे निरोपही येतात. म्हणून हा तक्ता कसा वाचावा, ते आम्ही सोप्या शब्दांत सांगत आहोत.

शेअर बाजार सोमवार ते शुक्रवार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० चालतो. प्रत्येक शेअरचे दिवसाचे चार भाव नोंदवले जातात : उघडतानाचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद होतानाचा. पाचवा आकडा म्हणजे त्या दिवशी किती शेअर्स विकले गेले. त्याला व्हॉल्यूम म्हणतात. आपण उलाढाल म्हणू. बहुतेक जण हाच आकडा सोडून देतात.

कापूस खरेदीचा मुहूर्त आठवा. पहिल्या गाडीला नारळ फोडून चढा भाव देतात. तो भाव खरा असतो, पण एका गाडीपुरता. दुसऱ्या दिवशी दोनशे गाड्या ज्या भावाने जातात, तोच बाजारभाव. शेअरचेही तसेच आहे. भाव वाढला आणि उलाढालही नेहमीपेक्षा मोठी असली, तर पुष्कळ लोकांनी तो भाव मान्य केला असे समजावे. भाव वाढला पण उलाढाल किरकोळ असली, तर ती मुहूर्ताची गाडी समजावी. भाव पडताना उलाढाल मोठी असेल, तर अनेकांना घाईने बाहेर पडायचे आहे असा अंदाज करता येतो. ‘मोठी’ की ‘किरकोळ’ हे त्याच शेअरच्या मागच्या महिन्याच्या सरासरीशी ताडून ठरवावे.

येथे एक चूक नेहमी होते. उलाढाल वाढली म्हणजे घेणारे वाढले, असे नव्हे. जितके शेअर्स विकत घेतले गेले, तितकेच कोणीतरी विकलेले असतात.

काही छोट्या कंपन्यांच्या शेअर्सना दिवसाला ५ टक्क्यांच्या चढउताराची मर्यादा असते. असा शेअर थोड्याशा खरेदीने रोज ५ टक्के चढवता येतो. पडू लागला की घेणारा कोणीच नसतो, आणि आपले पैसे अडकतात. मोबाईलवरच्या निरोपांत बहुधा असेच शेअर्स असतात.

मग आकडे नीट वाचले की तोटा होत नाही का? तसेही नाही. हैदराबादच्या सत्यम कंपनीचा शेअर १७ डिसेंबर २००८ रोजी एका दिवसात सुमारे ३० टक्के पडला. पुढे चढउतार होत ६ जानेवारी २००९ ला तो १७९ रुपयांच्या आसपास आला. ‘स्वस्तात मिळतो आहे’ म्हणून घेणारेही होते. ७ जानेवारीला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की हिशेबात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकेतील शिल्लक प्रत्यक्षात नाहीच. त्या दिवशी भाव ४० रुपयांवर आला. भाव आणि उलाढाल लोकांनी काय केले एवढेच सांगतात. कंपनीच्या वह्या खऱ्या की खोट्या, हे सांगत नाहीत.

विद्यार्थ्यांनी एक उपक्रम करावा. एक रुपयाही न गुंतवता कोणत्याही एका मोठ्या कंपनीचा बंद भाव व उलाढाल वीस दिवस वहीत लिहावी. शेजारी आदिलाबाद बाजारातील कापसाचा भाव व आवक लिहावी. वीस दिवसांनी दोन्ही रकाने आई-वडिलांसोबत बसून वाचावेत. पालकांनाही विनंती, की मोबाईलवर तसा निरोप आला, तर पैसे देण्याआधी मुलांकडून त्या शेअरचा पाचवा आकडा काढून घ्यावा.