जादा गोळीचा हिशेब

काही वर्षांपूर्वी गडहिंग्लजच्या एसटी स्टँडसमोर ओळखीचे एक शेतकरी झोकांड्या खात येताना दिसले. भर दुपारची वेळ. पानपट्टीपाशी उभे असलेले दोघे हसले, "आज लवकर सुरू केलीया." माणूस माळकरी, दारूला कधी शिवलेला नाही. फिटसाठी ते फेनिटॉइन घेत. मध्ये एकदा फिट आली, म्हणून रोजच्या तीन गोळ्यांच्या त्यांनी स्वतःच चार केल्या होत्या. शंभर मिलिग्रॅमची एक जादा गोळी. तेवढ्यानं असं होतं?

होतं. फेनिटॉइन १९०८ साली जर्मनीत तयार झालं, पण फेफऱ्यावर ते चालतं हे अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी १९३८ साली दाखवलं. यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, या औषधाला ऑक्सिजनचा एक अणू जोडतं. त्यातून जो पदार्थ बनतो त्याला आम्ही प्रयोगशाळेत एचपीपीएच म्हणतो. तो फिट थांबवत नाही, लघवीवाटे निघून जातो. रुग्णाच्या दृष्टीनं कचराच. आमच्याकडे मात्र हीच शुद्ध पांढरी भुकटी छोट्या कुपीत येते, वर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं. मिरचीच्या सौद्यात हातातल्या नमुन्यावरून पोत्यातला माल ओळखावा, तसं रक्तातलं किंवा लघवीतलं एचपीपीएच या नमुन्याशी ताडून ओळखायचं आणि मोजायचं.

मोजायचं कशाला? यकृत किती वेगानं काम करतं हे त्यावरून कळतं. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतल्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या निरोगी माणसांना फेनिटॉइन देऊन हेच तपासलं. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जनुकात विशिष्ट बदल होता, त्यांच्या शरीरात हे रूपांतर मंद होतं. म्हणजे शेजाऱ्याला मानवलेली मात्रा आपल्याला मानवेलच असं नाही.

आता गळीत हंगाम आठवा. कारखान्याची रोजची गाळपक्षमता ठरलेली. तेवढ्याच गाड्या आल्या तर गव्हाण रिकामी होत राहते. रोज थोड्याच जादा आल्या, तरी रांग दिवसेंदिवस लांबत जाते. यकृतातल्या या विकराचंही तसंच. क्षमता भरत आली, की मात्रा तिसऱ्या हिश्श्यानं वाढवली तरी रक्तातलं औषध दुपटीच्या पुढेही जाऊ शकतं. साधारणपणे मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम योग्य धरतात. त्यावर गेलं की डोळे थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते. क्षयाच्या औषधांतलं आयसोनियाझिड तर ही गव्हाणच मंद करतं, म्हणून दोन्ही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं.

घाबरून गोळी एकदम बंद करणं त्याहून वाईट, लागोपाठ फिट येऊ शकतात. आमच्या या गृहस्थांचं रक्त तपासून डॉक्टरांनी मात्रा हळूहळू खाली आणली. चाल सरळ व्हायला आठवड्याच्या वर गेला, साठलेली रांग ओसरायला वेळ लागतोच.

पानपट्टीवरच्या त्या दोघांना मी पुढे ही हकीकत सांगितली. एक जण थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग तोंडाचा वास तरी घ्याला पायजे हुता आमी."